चाळीस चित्रं, पंचवीस मिनिटं

साताऱ्याहून एका ताईंचं पत्र आलंय. त्यातला मुख्य भाग असा:

"माझं वय ५४. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सातवीत असल्यापासून नगरवाचनालयाची सभासद आहे आणि कादंबऱ्यांवर माझा जीव आहे. पण हल्ली दोन गोष्टी मनाला लागून राहिल्यात. एक म्हणजे वाचलेलं आठवत नाही. परवा 'बनगरवाडी'चा विषय निघाला. ही माझी सर्वांत आवडती, म्हणून कौतुकानं सांगायला गेले, तर त्या मास्तरचं नावच आठवेना. मेंढरं आठवतात आणि शेवटी ओस पडलेली वाडी. मुलगा म्हणाला, 'मग इतकी वर्षं वाचून उपयोग काय झाला?' दुसरी गोष्ट सुनेची. ती चित्रकार आहे. तिचं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालंय, मराठी वाचायला तिला वेळ लागतो, पण स्वभावानं फार गोड. मुंबईला गेले की मला हौसेनं प्रदर्शनं दाखवते. दिवाळीनंतर जहांगीर आर्ट गॅलरीला नेलं होतं. तिला लोकल गाठायची होती, त्यामुळं चाळीसएक चित्रं आम्ही पंचवीस मिनिटांत बघितली. एका मोठ्या करड्या चित्रापुढं मी तिला विचारलं, 'हे अजून पुरं व्हायचंय का?' शेजारी उभी असलेली दोन पोरं हसली. सून काहीच बोलली नाही. तेव्हापासून मी प्रत्येक चित्राला 'छान आहे' म्हणते. कादंबरी वाचताना मी ढसाढसा रडते आणि चित्रापुढं मात्र दगडासारखी उभी. माझ्यात काही कमी आहे का? प्रदर्शनांना जाणं बंद करू का?"

प्रिय ताई,

जाणं बंद करू नका. एवढं आधी सांगते, म्हणजे बाकीचं निवांत वाचाल.

मी एकतीस वर्षं पुण्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात काढली, त्यातली बरीचशी देवघेवीच्या टेबलावर. परत आलेलं पुस्तक उघडून बघायचं, पान फाटलंय का, आत कुणाचं लाइटबिल राहिलंय का, हे माझं रोजचं काम. त्यात एक गोष्ट वर्षानुवर्षं दिसायची. कादंबऱ्यांच्या ३१व्या नाहीतर ५१व्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीचा बारीक ठिपका. एकेका पुस्तकात असे सात-आठ. कुणाचा ठिपका, कुणाची फुली, कुणाचं इवलंसं 'सु'. ही वाचून झाल्याची खूण. घरी नेऊन दहा पानं वाचल्यावर 'अगं बाई, ही तर झालीय' असं व्हायला नको, म्हणून प्रत्येकीनं आपापलं एक पान ठरवून ठेवलेलं. पुस्तकात काही लिहायला नियमानं बंदी होती. मी एकही ठिपका कधी खोडला नाही.

त्या सगळ्या मनापासून वाचणाऱ्या बायका होत्या. चाळीस-चाळीस, पन्नास-पन्नास वर्षांच्या सभासद. त्यांनाही आठवायचं नाही. एक आजी टेबलापाशीच पान उघडून बघायच्या, आपला ठिपका दिसला की म्हणायच्या, "वाचलीय वाटतं. असू दे, परत नेते." आणि आठ दिवसांनी पुस्तक परत करताना त्यांचे डोळे लाल असायचे. म्हणून, कादंबरी आठवणं आणि कादंबरी अंगात मुरणं या मला कायम दोन वेगळ्या गोष्टी वाटत आल्या आहेत.

तुमचंच बघा. मास्तरचं नाव विसरलात, पण मेंढरं राहिली आणि ओस पडलेली वाडी राहिली. व्यंकटेश माडगूळकरांची ती छोटीशी कादंबरी १९५५ सालची. तिच्यातलं एकच काहीतरी जवळ ठेवायला सांगितलं असतं तर मीसुद्धा तेच ठेवलं असतं. दुष्काळ पडतो, पाणी आटतं, एकेक घर आपली जनावरं घेऊन निघून जातं, आणि ज्या वाडीनं एवढ्या उमेदीनं तालीम बांधली ती वाडी रिकामी होते. आता तुमच्या वर्गात या. गळीत हंगाम संपला की ऊसतोड कामगारांची पोरं एका दिवसात वर्गातून नाहीशी होतात. तुमच्या भागात हे दरवर्षी होतं. त्या रिकाम्या जागांकडं बघताना तुमच्या पोटात जे कालवतं, त्यात त्या वाडीचा वाटा किती, हे कुणाला मोजून देता येणार नाही. मुलालाही सांगू नका. त्याच्या प्रश्नाला उत्तर म्हणून उपयोगांची यादी करायला बसलात तर पुढची कादंबरी तुम्ही परीक्षेचा अभ्यास केल्यासारखी वाचाल.

आता चित्रांकडं येते. खरं दुखणं तिथं आहे.

चाळीस चित्रं, पंचवीस मिनिटं. एका चित्राच्या वाट्याला मिनिटसुद्धा आलं नाही. कादंबरी तुम्ही आठवडाभर घरात ठेवता, उशाशी घेऊन झोपता, कुकरच्या शिट्ट्या मोजत वाचता. पहिल्या वीस पानांत कोण कुणाचा कोण हेही नीट लागत नाही, तरी तुम्ही ती मिटून ठेवत नाही. पुढं कळेल हे अनुभवानं माहीत असतं. चित्राला तुमच्याकडून ही वीस पानं अजून मिळालेलीच नाहीत. आणि त्यात तुमचा दोष मला दिसत नाही.

कारण आपल्याकडं कादंबरी आणि नव्या पद्धतीची चित्रकला एकाच सुमाराला आली आणि मग त्यांच्या वाटा फुटल्या. १८५७ साली मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. त्याच साली बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाली, जिला मराठीतली पहिली कादंबरी म्हणतात आणि जिच्यात विधवांची दुःखं आहेत. पुढं कादंबरी घराघरांत पोचली. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिकातून ती आठवड्याच्या हप्त्यानं पोचवली, गावोगावच्या वाचनालयांनी वर्गणी घेऊन पोचवली. तुमच्यासारखी सातवीतली मुलगी परकर सावरत जाऊन कादंबरी घेऊन येऊ शकली ती यामुळं. चित्राचं तसं झालं नाही. रविवर्म्यानं १८९४ मध्ये छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती भिंतीवर आल्या, दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं आणि 'दीपावली'चे अंक हातात आले. पण रंगाचा थर उन्हात कसा दिसतो, माणसाच्या उंचीचं चित्र समोर असलं की छातीत काय होतं, हे बघायला मुंबई-पुणं गाठावं लागायचं. तालुक्याच्या गावाला वाचनालय असतं, कलादालन नसतं. तुमची कादंबरीची उमेदवारी बेचाळीस वर्षांची आहे आणि चित्राची पंचवीस मिनिटांची. ही तुलनाच तुम्ही स्वतःवर अन्याय करून केली आहे.

हसणाऱ्या पोरांबद्दल मला राग आला, कारण मी त्या जागी उभी राहिले आहे. १९८२ सालची गोष्ट. एका प्रदर्शनात एका चित्राबद्दल मी तिथल्या एका जाणत्या गृहस्थांना काहीतरी विचारलं. ते म्हणाले, "बाई, हे तुमच्या कादंबऱ्यांसारखं नसतं. इथं डोकं लागतं." मी छत्री घेतली आणि बाहेर पडले. पुढची सहा वर्षं एकाही प्रदर्शनाची पायरी चढले नाही. ती सहा वर्षं फुकट गेल्याची रुखरुख मला आजही आहे. म्हणून तुमच्या पत्रातली 'जाणं बंद करू का' ही ओळ वाचली आणि इतर पत्रं बाजूला ठेवून आधी हे लिहायला घेतलं.

मला परत आणलं ते एका चित्रानं. वाचनालयाच्या लोकांची सहल म्हैसूरला गेली होती. जगनमोहन पॅलेसच्या कलादालनात एका चित्रासाठी मुद्दाम अंधार ठेवलेला. एक स्त्री हातात दिवा घेऊन उभी आहे, दुसरा तळवा ज्योतीच्या आड धरलाय. कित्येक जण ते चित्र रविवर्म्याचं समजतात. ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं आहे, जलरंगातलं, आणि दिवा घेऊन उभी राहिली होती ती त्यांची मुलगी. आमच्यातला एक जण चित्राच्या मागं बल्ब लावलाय का म्हणून वाकून बघत होता. मी बघत होते बोटं. ज्योतीच्या आड धरलेल्या बोटांच्या कडा पेटल्यासारख्या लालकेशरी, बोटांच्या फटींतून आलेला उजेड चेहऱ्यावर, आणि मनगटापासून खाली सगळं सावलीत विरघळलेलं. आमची आजी कोकणात गोठ्याकडं जाताना चिमणी अशीच न्यायची. तिची बोटं आतून अशीच लाल दिसायची, आणि मला लहानपणी वाटायचं की आजीच्या हातात निखारा आहे. ही आठवण माझ्याकडं आहे हेच मला माहीत नव्हतं. त्या अंधाऱ्या खोलीत मी रडले. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता.

तुम्ही कादंबरीपुढं रडता, कारण तिथं लेखक तुम्हाला हाताला धरून आतपर्यंत नेतो. आधी काय झालं, नंतर काय झालं, सगळं सांगतो. चित्रकार एकच क्षण समोर ठेवतो आणि बाजूला होतो. आधीचं आणि नंतरचं आणायचं ते आपण. माझ्याकडून आजी आली. तुमच्याकडून दुसरं कुणीतरी येईल, पण येण्याइतका वेळ द्यायला हवा.

त्या हळदणकरांच्या चित्राबद्दल आणखी एक गोष्ट मला नंतर कळली. पारदर्शक जलरंगात उजेड रंगवता येत नाही. कागद तेवढा कोरा राखावा लागतो. एकदा तिथं रंग गेला की तो लखलखीतपणा परत मिळत नाही. जिथं सर्वांत जास्त प्रकाश आहे, तिथं चित्रकारानं हात आवरलेला असतो.

आता तुमचा प्रश्न परत वाचा. 'हे अजून पुरं व्हायचंय का?'

ताई, चित्राविषयीचा यापेक्षा खरा प्रश्न मला माहीत नाही. तुमच्या सुनेला विचारा, कॅनव्हासपुढं बसल्यावर ती स्वतःला रोज हेच विचारत असणार. थांबायचं कधी? आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचं बघा. रोलर आणि पॅलेट नाइफ, म्हणजे रंग पसरायची सुरी, घेऊन थरावर थर द्यायचे, काही खरवडून काढायचे, वाट बघायचे. वर्षाला मोजकीच चित्रं त्यांच्या हातून पुरी व्हायची. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेलंही त्यांना पटायचं नाही. पुढं २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. त्यांच्या एखाद्या करड्या-पिवळ्या चित्रापुढं मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा मलाही तिथं काही नाही असं वाटलं होतं. पाच मिनिटांनी खालच्या थरातला रंग वर येताना दिसायला लागला, पावसाळ्यात भिंतीला ओल चढत यावी तसा. तुम्ही बघितलेलं करडं चित्र कुणाचं ते मला माहीत नाही. ते कच्चंही असेल. पण तुम्ही प्रश्न बरोबर ठिकाणी विचारला होता.

पुढच्या वेळी काय करायचं ते सांगते. प्रदर्शनात शिरलात की सगळं एकदा भराभर फिरून घ्या, जत्रेत फिरतो तसं. मग एकच चित्र निवडा. आवडलेलं असलंच पाहिजे असं नाही, खटकलेलं असलं तरी चालेल. त्याच्यापुढं दहा मिनिटं राहा. शेजारची पाटी आधी वाचू नका. आणि मग पहिलीच्या मुलांकडून दर जूनमध्ये जे करून घेता तेच स्वतःशी करा. चित्रवाचन! 'चित्रात काय काय दिसतंय, सांगा बरं.' मुलांना तुम्ही याचा अर्थ काय असं विचारत नाही. डाव्या कोपऱ्यात काय आहे, रंग कुठं दाट आहे, कुठं फिकट आहे, एवढंच विचारता, आणि पोरं बोलायला लागतात. मग जवळ जा, जरा बाजूनं बघा. कुंचल्याचे केस चिकटलेत का, रंग खरवडलाय का, कॅनव्हासच्या कडेला खालचा कुठला रंग राहिलाय. मग लांब जाऊन परत एकदा. एवढं करून काही झालं नाही तर काही झालं नाही. माझ्या हातूनही सगळ्या कादंबऱ्या शेवटापर्यंत गेलेल्या नाहीत.

जहांगीरमध्ये हे सहज जमतं. १९५२ पासून ते दालन उभं आहे, आत जायला तिकीट नाही, आणि प्रदर्शनं बहुतेक मंगळवार ते सोमवार अशी आठवड्याची असतात. बऱ्याचदा चित्रकार स्वतः तिथंच खुर्चीवर बसलेला असतो, टेबलावर अभिप्रायाची वही उघडी. ती वही चाळून बघा. 'अप्रतिम', 'खूप सुंदर', 'पुढील वाटचालीस शुभेच्छा'. लग्नाच्या आहेराच्या पाकिटावर लिहावं तसं पानंच्या पानं. त्या माणसानं दोन-तीन वर्षं खपून ही चित्रं केलेली असतात, पदरचे पैसे घालून फ्रेमा केलेल्या असतात, आणि दिवसभर तो 'छान' ऐकत बसलेला असतो. त्याला 'याचा अर्थ काय' हे विचारू नका, त्यानं तो अवघडतो. 'सुरुवात कुठून केलीत?' असं विचारा. मी हे विचारलं आणि समोरचा चित्रकार खुर्चीवरून उठला नाही असं अजून झालेलं नाही. उठतो, चित्राजवळ जातो, बोट दाखवतो.

सुनेच्या गप्प बसण्याचा तुम्ही जो अर्थ लावलात, तो मला पटत नाही. तिला तुमची लाज वाटली असती तर तिनं नंतर परत कुठं नेलंच नसतं. मला तर वाटतं, तुमच्या 'छान आहे'नंच तिला जास्त वाईट वाटत असेल. तेव्हा पहिल्यांदा हे सांगा, "अगं, मला त्या दिवशी खरंच कळलं नव्हतं, आणि मग मी तुला खोटं छान-छान म्हणत राहिले." एवढंच. पुढचं ती बोलेल. आणि ती चहा टाकायला उठली तर तिच्याबरोबर ओट्यापाशी जाऊन उभ्या राहा, अशा गोष्टी समोरासमोर बसून बोलण्यापेक्षा शेजारी उभं राहून बोलायला सोप्या जातात.

दुसरं म्हणजे, प्रत्येक वेळी तिनंच तुम्हाला मुंबईत का न्यावं? तुम्ही तिला न्या. औंधला. तुमच्या जिल्ह्यातच आहे. यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय आहे, १९३८ सालचं, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारलेलं. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे राजे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ते स्वतः चित्रकार होते. आणि 'बनगरवाडी'त तालमीच्या उद्घाटनाला संस्थानचे राजे येतात, आठवतं? माडगूळ हे गाव औंध संस्थानातलं. माडगूळकर लहानपणी ज्या राजाच्या मुलखात वाढले, त्याच राजानं हे संग्रहालय बांधलं. माडगूळकर स्वतः उत्तम रेखाटनं करायचे, हेही सुनेला सांगा, तिला ते आवडेल.

आत गेलात की सगळं बघायचा हट्ट धरू नका. दोनच ठिकाणी थांबा. एक, रविवर्म्याची 'सैरंध्री'. छापील नव्हे, मूळ तैलचित्र. सुदेष्णेनं मद्य आणायला कीचकाकडं धाडलेली द्रौपदी. ही गोष्ट तुम्हाला पाठ आहे, सुनेला कदाचित नसेल. तिथं तुम्ही बोला, तिला ऐकू द्या. दुसरं, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं 'आई आणि मूल'. एवढ्या मोठ्या शिल्पकाराचं काम खटाव तालुक्यातल्या एका डोंगरावर आहे याचं मला दर वेळी नवल वाटतं. मूर गोटे आणि हाडं गोळा करून त्यांचे आकार निरखत बसायचा. त्याच्या हातात माणसाचं शरीरही तसंच गुळगुळीत, साधं होत जातं. इथं पाठ असलेली गोष्ट नाही. इथं तिला बोलू द्या, आणि कळलं नाही तर तिथंच, तेव्हाच विचारा. हसायला कुणी नसेल.

सुट्टीचा वार आधी विचारून जा, पाणी बरोबर घ्या, उन्हाचं जायचं टाळा. आणि वाचनालयातून 'बनगरवाडी' घेऊन जा. बघून झालं की सावलीला बसा आणि पहिलं प्रकरण तिला मोठ्यानं वाचून दाखवा. पूर्वेला माणदेश पसरलेला आहे. वर्गात रोज वाचून दाखवता, तसंच. तिला वाचायला वेळ लागतो म्हणालात, ऐकायला लागणार नाही. एखादा शब्द अडला तर ती थांबवेल. अडला नाही तर तुम्ही थांबाल तेव्हा ती 'पुढं वाचा' म्हणेल.

पेन्सिल जवळ असू द्या. ३१व्या पानावर कुठंतरी तुमचा ठिपका असणारच. त्याच्या शेजारी तिचा करून घ्या.

तुमची,
सदरलेखिका